टेबलावरच्या खेळात लोर किती लागतो, आणि कोणाला?

नकाशेबाज

थेट मुद्द्यावर येतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स (यापुढे डीएनडी) किंवा त्या जातकुळीतला कुठलाही खेळ चालवायला घेतलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो 'आधी जग उभं कर'. मग तो बिचारा महिनोन्‌महिने खपून खंड, नद्या, राजघराणी आणि त्यांच्यातली भाऊबंदकी लिहून काढतो. पहिल्या सेशनला खेळाडू सराईत शिरतात, तिथल्या पोऱ्याशी गट्टी जमवतात आणि उरलेली संध्याकाळ त्या पोऱ्याच्या हरवलेल्या बकरीमागे घालवतात. राजघराणी पीडीएफमध्येच.

माझं म्हणणं असं, की ज्या माहितीमुळे टेबलावरच्या कुठल्याच खेळाडूचा कुठलाच निर्णय बदलत नाही, ती माहिती, तो लोर, हा डीएमचा (म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा) छंद आहे. छंदाला हरकत नाही, मलाही आहे, आयडीवरून कळलंच असेल. पण त्याला खेळाची तयारी म्हणू नये.

मुळात हा खेळ जगाशिवायच सुरू झाला. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डीएनडी बाजारात आला, तेव्हा पेटीत तीन पातळ पुस्तिका होत्या. लढायचं कसं, राक्षस कुठले, खजिना किती, तळघरं कशी आखायची. गायगॅक्सच्या घरच्या खेळातलं ग्रेहॉक म्हणजे एक किल्ला आणि त्याच्या पोटात तळघरांखाली तळघरं. भोवतालचं जग नकाशासकट छापून आलं ते १९८० मध्ये. त्याच सुमाराचं 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' हे मॉड्यूल, म्हणजे तयार साहसाची पुस्तिका, काढून बघा. कित्येक नवशिक्यांचं पहिलं मॉड्यूल. त्यातल्या गढीत किल्लेदार आहे, पुजारी आहे, सावकार आहे, जवाहिऱ्या आहे, आणि एकालाही नाव नाही. नावं डीएमनं ठेवायची. कोणाचं काही अडलं नाही.

दुसरं उदाहरण अंतराळातलं. मार्क मिलरचा 'ट्रॅव्हलर', १९७७. सुरुवातीच्या पुस्तिकांत त्याचंही स्वतःचं असं विश्व नव्हतं. प्रत्येक ग्रह एका ओळीत मावायचा: अवकाशतळ कसा, ग्रह केवढा, हवा, पाणी, लोकसंख्या, सरकार, कायद्याचा काच, तंत्रज्ञान. आठ चिन्हं, तीही फासे टाकून काढलेली. आता कायद्याचा आकडा चढा असला की यानातून उतरताना बंदूक बरोबर नेता येत नाही. झालं. बंदूक यानात ठेवायची, लपवून न्यायची की पहारेकऱ्याला चिरीमिरी द्यायची, यावर टेबल अर्धा तास पेटतं. त्याच ग्रहाचा हजार वर्षांचा इतिहास वाचून दाखवला असता तर तेवढ्या वेळात दोघं मोबाइलमध्ये गेले असते.

मग जाडजूड सेटिंग-पुस्तकं कोणासाठी? पाच जणांच्या टेबलावर पुस्तक विकत घेणारा बहुधा डीएमच असतो, आणि त्याला रात्री पडल्या पडल्या वाचायला आवडतं. कंपन्यांना हे चांगलं कळतं.

जुन्या डीएम मंडळींनी विशेष बोलावं.

भाबडाप्रश्न

हे नक्की काय असतं? फासे, किल्लेदार, अवकाशतळ... सापशिडीच्या पुढचं काही का?

तिरकस

@भाबडाप्रश्न, चार-पाच मोठी माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण प्रसंग सांगतो, 'समोर दार आहे, आतून घोरण्याचा आवाज येतोय.' बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते सांगतात. जमेल की नाही अशी शंका असली की फासा टाकायचा, डीएनडीत बहुतेकदा वीस बाजूंचा. प्रसंग सांगणारा तो डीएम किंवा जीएम. लोर म्हणजे त्या काल्पनिक जगाचा इतिहास, भूगोल, देवधर्म, झालंच तर उखाळ्यापाखाळ्या. हार-जीत नाही. ठरलेल्या वेळेला कोणी येत नाही, हा एकच नियम सगळीकडे पाळला जातो.

गोदाकाठ

नकाशेबाज, उदाहरणं मोठी सोयीची निवडलीत.

डीएनडीच्या पुढच्याच वर्षी, १९७५ ला, त्याच टीएसआर कंपनीनं 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' काढला. कर्ता एम. ए. आर. बार्कर, मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाचा अभ्यासक, उर्दूचा जाणकार. त्याचं टेकुमेल हे जग त्याच्या डोक्यात लहानपणापासून घोळत होतं. तिथल्या भाषेला व्याकरण, लिपी, सगळं. (हा माणूस टोपणनावानं एक ज्यूद्वेष्टी कादंबरी लिहून गेला हे २०२२ मध्ये जाहीर झालं आणि माझं त्या खेळावरचं मन उडालं. पण म्हणून इतिहासातून त्याला वगळता येत नाही.) म्हणजे जग आधी, खेळ नंतर, हा रस्ताही तितकाच जुना आहे.

माझं खरं उदाहरण मात्र ग्लोरांथा. ग्रेग स्टॅफर्डचं जग, त्यावर १९७८ चा 'रूनक्वेस्ट' हा खेळ. तिथं लोर आणि नियम वेगळे काढताच येत नाहीत. हुमाक्त हा मृत्यूचा आणि तलवारीचा देव. त्याच्या पंथात गेलात तर वरदानं मिळतात, पण वरदानाबरोबर एकेक बंधनही गळ्यात पडतं. आणि हुमाक्तचा भक्त मेला की मेला, बाकीच्यांसारखं त्याला पुन्हा उठवता येत नाही. पंथ निवडताना खेळाडू हे सगळं वाचतो, दहादा विचार करतो, जोडीदाराला विचारतो.

नाहीतर मोरोकांथ घ्या. प्राक्सच्या ओसाड माळावर खायला पुरेसं नव्हतं, म्हणून देवानं माणसं आणि जनावरं यांच्यात चिठ्ठ्या टाकल्या. जिंकेल त्यानं खायचं, हरेल त्यानं चरायचं. बाकी जमातींत माणसं जिंकली. मोरोकांथ ही टॅपिरसारख्या, लांब लोंबत्या नाकाच्या तोंडाची जमात, तिच्या वेळी निकाल उलटा लागला. त्यामुळे मोरोकांथ माणसांचे कळप पाळतात. कळपातल्या माणसांना बोलता येत नाही, विचार करता येत नाही, असं म्हणतात. आमच्या टेबलावरच्या एकीला हे 'म्हणतात' पटलं नाही. तिनं रात्री कळपाचं कुंपण तोडलं. तिथून कॅम्पेनची, म्हणजे सेशनमागून सेशन चालणाऱ्या गोष्टीची, दिशाच बदलली, आणि हे सगळं एका परिच्छेदाच्या पुराणकथेवर.

नकाशेबाज

@गोदाकाठ, टेकुमेल हा भक्कम मुद्दा आहे. पण हुमाक्त आणि मोरोकांथ तर माझेच साक्षीदार निघाले की! पंथ निवडताना खेळाडू थांबला, कुंपण तोडलं गेलं. निर्णय बदलला. मी नको म्हणतोय ते त्याच ग्लोरांथाच्या पुस्तकांतल्या राजांच्या यादीला.

तिरकस

लोरचा आणखी एक ताप आहे, त्यावर कोणी बोललं नाही. छापील लोर तुमचा नसतो, कंपनीचा असतो, आणि कंपनी तो पुढे ढकलत राहते.

'व्हँपायर: द मॅस्करेड' हा रक्तपिपासूंचा खेळ १९९१ चा. त्यात राव्हनॉस नावाचं कुळ आहे, मूळ भारतातलं. १९९९ साली पुस्तकातून जाहीर झालं की हजारो वर्षं झोपलेला त्यांचा मूळपुरुष बांगलादेशात जागा झाला, आठवडाभर हाहाकार माजला, शेवटी बाँब टाकून त्याला संपवलं आणि जाता जाता तो जवळपास अख्खं कुळ घेऊन गेला. म्हणजे तुम्ही ठाण्यात बसून निवांत राव्हनॉस खेळताय, आणि तिकडे पुस्तक छापून आलं की तुमचे चुलते-मावळे सगळे खल्लास. २००४ मध्ये तर कंपनीनं जगच संपवून टाकलं आणि ती मालिका बंद केली.

डीएनडीच्या फरगॉटन रेल्म्स या जगाची तीच गत. एड ग्रीनवुडनं शाळकरी वयात रचायला घेतलेलं जग १९८७ मध्ये पेटीतून आलं. २००८ ला चौथ्या आवृत्तीच्या वेळी जादूची महामारी आणून ते शंभरेक वर्षं पुढे नेलं. लोक चिडले, मग पाचव्या आवृत्तीत बरंचसं पूर्ववत. मधला इतिहास पाठ करून बसलेल्यांना नुकसानभरपाई कोण देणार?

फक्तखेळाडू

मी डीएम नाही, होणारही नाही. टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं बोलते.

'निर्णय बदलतो का' ही फूटपट्टी मला अपुरी वाटते. आमच्या खेळात मी एकदा सहज विचारलं, 'या गावात मीठ कुठून येतं?' डीएम म्हणाला, 'उत्तरेच्या खाडीवरून, पण पूल पडल्यापासून महाग झालंय, म्हणून सराईतलं जेवण अळणी आहे.' मीठ महाग झाल्यामुळे मी काही केलं का? नाही. पण त्या क्षणापासून ते गाव माझ्यासाठी खरं झालं. पुढे गावावर संकट आलं तेव्हा माझं पात्र पळून गेलं नाही. तुमच्या हिशेबात मीठ कुठल्या खात्यात जाईल?

नकाशेबाज

@फक्तखेळाडू, सुंदर प्रश्न. पण सांगा, तुमच्या डीएमनं मिठाचं आधी लिहून ठेवलं होतं की त्या क्षणी सुचलं?

फक्तखेळाडू

मला कळलं नाही. कळायला नकोच आहे. सुचलं असेल तरी पूल, खाडी आणि उत्तर दिशा त्याच्या डोक्यात आधीपासून होती म्हणूनच सुचलं. कोऱ्या पाटीवर मीठ सुचत नाही, सुचलं तर पुढच्या सेशनला खाडी दक्षिणेला गेलेली असते. असे डीएमही बघितलेत.

गोदाकाठ

@फक्तखेळाडू, मोदक! मोठ्ठा!

खिंडार

सगळं डीएमनंच का सुचवायचं? २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'पासून (व्हिन्सेंट बेकर) खेळांची एक अख्खी शाखा याच्या उलट जाते. नकाशात मुद्दाम रिकाम्या जागा ठेवायच्या, खेळाडूंनाच विचारायचं आणि ते सांगतील ते खरं धरायचं. बेन रॉबिन्सच्या 'मायक्रोस्कोप'मध्ये (२०११) तर डीएमच नाही, सगळे मिळून हजारो वर्षांचा इतिहास रचतात. तोच खेळ. आम्ही कॅम्पेनच्या आधी एक संध्याकाळ तेच खेळतो. कोणाला काही वाचायला द्यावं लागत नाही, कारण सगळ्यांनीच ते केलेलं असतं. स्वतः बुडवलेलं राज्य माणूस विसरत नाही.

फक्तखेळाडू

@खिंडार, तुमच्याकडे जमत असेल. मला 'तूच सांग मीठ कुठून येतं' असं विचारलं की माझी तंद्रीच मोडते. मी तिथं शोधायला आलेली असते, पुरवायला नाही.

गोदाकाठ

रिकाम्या जागेवरून एबेरॉन आठवलं. २००२ मध्ये डीएनडी काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीनं नव्या जगासाठी जाहीर आवाहन केलं, ११ हजारांच्या आसपास प्रवेशिका आल्या. पहिल्या फेरीत एकच पान पाठवायचं होतं. (नकाशेबाज, खूश?) कीथ बेकरचं एबेरॉन निवडलं गेलं, २००४ ला पुस्तक आलं.

त्या जगात शंभर वर्षांचं युद्ध चाललेलं असतं, आणि एके दिवशी सायर हे अख्खं राज्य नष्ट होतं. कशामुळे, ते पुस्तकात नाही. अधिकृत उत्तर कधीच द्यायचं नाही असं ठरवूनच ठेवलंय. ज्यानं त्यानं आपल्या टेबलावर ठरवावं. हा आळस नव्हे हं. कोणी केलं ते कळत नाही, म्हणून पुन्हा लढायला सगळेच घाबरतात, म्हणून तह होतो, म्हणून हेरगिरी वाढते, आणि हेरगिरी आहे म्हणून तुमच्या पात्रांना काम मिळतं. कारण सांगून टाकलं की ही साखळीच तुटते. एवढी मोठी रिकामी जागा नेमकी कुठं सोडायची हे कळायला भोवतालचं सगळं जग नीट माहीत असावं लागतं. म्हणून वर्ल्डबिल्डिंग आणि रिकामी जागा हे एकमेकांविरुद्ध उभे करू नका.

माडाखाली

तुम्ही लोक लोर लिहिताय कशाला? आमच्या सिंधुदुर्गात तो फुकट मिळतो.

मी इथं खेळ चालवतो तो गावाकडच्या भुताखेतांवर. मुंजा म्हटलं की पिंपळ आला. चकवा म्हटलं की ओळखीच्या वाटेवर माणूस रात्रभर गोल फिरणार. गिऱ्हा पाण्यात. देवचार म्हणजे राखणदार, त्याला वर्षाचं द्यायचं ते चुकवलं तर हद्दीत काही धड होणार नाही. यातलं मी कोणालाच समजावत नाही. प्रत्येक भुताबरोबर त्याचे नियमही आलेले असतात, कुठं भेटतं, काय दिलं की जातं, काय केलं की अंगाशी येतं. आणि ते सगळ्यांना आजीकडून तोंडपाठ.

आरवलीच्या वेतोबाला लोक चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. देव रात्री गावात फिरतो, म्हणून त्या झिजतात अशी श्रद्धा. मी गाव आणि देवाचं नाव बदलून (देवाशी मस्करी नको) पहिल्या सेशनची सुरुवात एका वाक्यानं केली: 'यंदा वहाणा झिजलेल्या नाहीत.' पुढचं टेबलानं स्वतःच सुरू केलं. देव फिरत नाही, मग रात्री गावात फिरतंय कोण?

आणखी एक युक्ती देतो. सेशन सुरू करताना मी गाऱ्हाणं घालतो. 'बा देवा म्हाराजा, वरच्या वाडीतल्या विहिरीत जां काय दडलासा, तेची नजर हेंच्यावर पडू नको रे म्हाराजा...' आणि टेबल ओरडतं, 'व्हय म्हाराजा!' त्या दिवशी लागणारा सगळा लोर त्या गाऱ्हाण्यात बसवतो. लोक ऐकतातही, कारण दर वाक्याला ओरडायचं असतं.

तिरकस

'व्हय म्हाराजा' __/\__ हसून हसून पुरेवाट. उचलतोय हे.

हडसनकाठी

@माडाखाली, वहाणांचं वाक्य वाचून काटा आला. पण हेच वाक्य माझ्या जर्सी सिटीच्या टेबलावर टाकलं तर काटा येणार फक्त मला. आधी देव वहाणा घालतो हे सांगा, मग तो गस्त घालतो हे सांगा, तोवर वाक्यातली हवा गेलेली. दोन पानांचा हँडआऊट मला द्यावाच लागतो. लोर किती लागतो हे समोर कोण बसलंय यावर ठरतं, एवढं तरी धाग्यात नोंदवा.

उलटा अनुभवही आहे. डीएनडीतला राक्षस, म्हणजे आपला राक्षस, १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्येही (डीएनडीच्या राक्षसकोशात) आहे. चित्रात वाघाचं तोंड, अंगात झुळझुळीत झगा, हातात पाइप. पुढे पुढे तळहातही उलटे. आणि त्याचा मृत्यू मंत्रून दिलेल्या क्रॉसबोच्या बाणात! हे कुठल्याच पुराणात नाही, सत्तरच्या दशकातल्या एका अमेरिकी टीव्ही मालिकेच्या भागातून आलंय. माझे अमेरिकन खेळाडू त्याला टरकतात. पुण्याहून आलेला भाऊ खेळायला बसला तर तो म्हणाला, 'हा राक्षस? हा तर सर्कशीतला.' पुस्तकापेक्षा खेळाडूला जास्त माहीत असलं की पुस्तकाचा लोर त्याच क्षणी मेला.

मोडीवाचक

यावर माझा अनुभव. मी सतराव्या शतकातल्या कोकण किनाऱ्यावर खेळ चालवतो. फायदा तोच, माडाखाली म्हणतात तो. सिद्दी, कोळी, किल्लेदार, हेर असं नुसतं म्हटलं की चित्र उभं. तोटा असा की समोर चार इतिहासप्रेमी बसलेले. 'ही तोफ त्या साली होती का?' 'हे बखरीतलं की अस्सल पत्रातलं?' फासा हातात धरून वीस मिनिटं वाद. शेवटी नियम केला, साधार शंका सेशन संपल्यावर, चहाबरोबर.

दुसरा नियम, महाराज कधीही एनपीसी (डीएमनं चालवायचं पात्र) म्हणून समोर येणार नाहीत. त्यांच्या तोंडी मी काय वाक्य घालणार, आणि ते कोणाला रुचणार? हुकूम येतो, माणूस येत नाही. खेळही त्यामुळे सुधारतो, निर्णय घ्यायला वर कोणी नसतं.

नकाशेबाजांच्या फूटपट्टीवर उतरणारं माझं आवडतं उदाहरण म्हणजे लाय पाटलांची गोष्ट. सांगतात ती अशी: मोरोपंत पिंगळ्यांशी ठरल्याप्रमाणे लाय पाटील आणि त्यांचे साथीदार रात्री होडीतून जंजिऱ्याच्या तटापर्यंत गेले, शिड्या लावल्या आणि वाट बघत राहिले. मोरोपंतांची माणसं आलीच नाहीत. पहाट व्हायला लागली तेव्हा शिड्या काढून परत. मी खेळ सुरू करतो तो शिड्या लागलेल्या असताना. मागून कोणी येत नाहीये. आता?

नकाशेबाज

@मोडीवाचक, हे तुम्ही इतके दिवस कुठं लपवून ठेवलं होतं? वनशॉट करा, एका बैठकीत संपणारा. मी खेळाडूंना देण्याचं अर्धं पान लिहितो, त्यापेक्षा एक ओळ जास्त नाही. तटाची उंची, पहारा केव्हा बदलतो, भरती किती वाजता, होडीत किती माणसं मावतात.

माडाखाली

दर्याला नारळ दिला होता का, तेही लिहा. नसेल दिला तर माझं पात्र होडीतच बसणार.

मोडीवाचक

शिबाड किंवा गुराब नको, ती मोठी. आवाज न करता तटाला भिडायचं तर लहान होडीच. आणि शिडी तटाला टेकवायची तर होडी खालून हलत असते, हे विसरू नका. फासा तिथं टाकायचा.

खिंडार

प्रत्येकानं आपलं पात्र त्या रात्री का आलंय ते आधी सांगायचं, एवढं तरी मला करू द्या.

फक्तखेळाडू

मी येते. एक अट आहे. मोरोपंतांची माणसं का आली नाहीत ते डीएमला आधीपासून माहीत असलं पाहिजे. मला सांगू नका, पण माहीत हवं.

नकाशेबाज

तीन कारणं लिहून ठेवतो. तुम्ही शोधायला गेलात तरच फासा टाकून त्यातलं एक ठरवू.

फक्तखेळाडू

नाही. हे चालणार नाही.